शांतिपर्वाच्या आधीचं पर्व

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात कुणी दुपारच्या झोपेचा बेत करत नाही. महाल, इतवारी, जागनाथ बुधवारी या जुन्या भागात तर नाहीच नाही. काळी आणि पिवळी, अशा दोन मारबती, म्हणजे बाईच्या रूपातले दोन मोठे पुतळे, आपापल्या ठिकाणाहून निघतात आणि शहीद चौकात समोरासमोर येतात. त्यांच्या मागेपुढे बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, असतात. त्या वर्षी लोकांच्या मनात जे काही सलत असेल त्याचा बडग्या निघतो, मग ती महागाई असो, पेपरफुटी असो, रस्त्यावरचे खड्डे असोत की एखादा पुढारी. 'ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत' अशी आरोळी गल्लीगल्लीतून उठते आणि शेवटी सगळ्यांना नेऊन जाळून टाकतात. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना सामील झालेली भोसल्यांची बाकाबाई, असं जुनी माणसं सांगतात. खऱ्या बाकाबाईची अडचण याहून बरीच गुंतागुंतीची होती, पण गर्दीला तेवढा वेळ नसतो आणि त्या दिवशी मीही तिची बाजू घ्यायला जात नाही.

पुण्याची माझी मावसबहीण एकदा नेमकी याच दिवशी आली होती. खिडकी लावून घेत म्हणाली, "बाई गं, कसे राहता तुम्ही या गोंगाटात? आमच्याकडे कसं शांत असतं." मी तिला चहा दिला. तिच्या सोसायटीतल्या शांततेबद्दल मला काही म्हणायचं नव्हतं, पण आपलं गाव अशांत आहे असंही मला कधी वाटलं नव्हतं. शेजारच्या माणसाशी वर्षभर गोड बोलून एका दिवशी पुतळ्याच्या नावाने बोंब मारता येते, ही चांगलीच सोय आहे. तेवढ्याने रोगराई जात नाही आणि महागाईही जात नाही. पण गाऱ्हाणं चारचौघांत मोठ्याने सांगितलं तर आभाळ कोसळत नाही, याची दरवर्षी एकदा रंगीत तालीम होते.

गावाला हे जमतं, मग खरी दुखापत झाल्यावरच सगळ्यांची वाचा का जाते, हे मला कळत नाही.

१७ मार्च २०२५ च्या संध्याकाळी आमच्याकडे दंगल झाली. निमित्त औरंगजेबाच्या कबरीचं. कबर खुलताबादला, इथून शेकडो किलोमीटर लांब, आणि दगड मात्र महालात पडले. दुपारी आंदोलन झालं, मग मोबाइलवरून अफवा फिरल्या, संध्याकाळी महाल पेटला आणि रात्री हंसापुरीत गाड्या जळाल्या. एका माणसाचा जीव गेला. बऱ्याच पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली, ती टप्प्याटप्प्याने उठत शेवटी २३ मार्चला पूर्ण उठली. दुसऱ्या दिवशी काही आरोपींच्या घरांवर महापालिकेने कारवाई सुरू केली आणि त्याच दिवशी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती थांबवली. म्हणजे आठवड्याभरात जाळपोळ, संचारबंदी, बुलडोझर आणि स्थगिती, एवढं सगळं आटोपलं.

संचारबंदीतल्या महालाइतका शांत महाल मी जन्मात अनुभवला नव्हता. बडकस चौकात चिटपाखरू नाही. पोह्यांच्या गाड्या नाहीत, सायकलची घंटी नाही, गच्चीवर कुणी जोरात फोनवर बोलत नाही. दूधवाला आला तरी पिशवी दारात ठेवून मुकाट्याने निघून जायचा. वर्तमानपत्रात मथळा होता, परिस्थिती नियंत्रणात. ती होतीही. खोटं त्यात काही नव्हतं.

मग शांतता समितीची बैठक झाली. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते, त्यामुळे 'समाजातील प्रतिष्ठित' या रकान्यात माझं नाव कुणीतरी घातलेलं आहे. नेहमीची मंडळी आली होती. माजी नगरसेवक, गणेश मंडळांचे अध्यक्ष, मशिदीचे विश्वस्त, दोन डॉक्टर, एक वकील. नागपूर हे कसं सगळ्यांना सामावून घेणारं गाव आहे, यावर भाषणं झाली. ताजबागच्या दर्ग्याचा उल्लेख झाला, कारण तो नेहमी होतो. पसायदान झालं. (पसायदानाविषयी मी इथे काही लिहिणार नाही. अशा बैठकांत ते इतक्या घाईने म्हटलं जातं की पुढचे काही दिवस मला वर्गात शिकवताना संकोच होतो.) शेवटी दोन बायका उठल्या. एकीच्या मुलाची ऑटो जळाली होती, हप्ते अजून फिटायचे होते. दुसरीच्या मुलाला रात्री पोलिसांनी घरातून उचलून नेलं होतं आणि तो त्या संध्याकाळी घरीच होता, असं तिचं म्हणणं होतं. दोघी दोन वेगळ्या गल्ल्यांतल्या, दोन वेगळ्या धर्मांच्या. दोघींना मिळालेलं उत्तर मात्र एकच होतं. "झालं गेलं, ताई. आता कायले तोच विषय काढून राहिल्या? गाव शांत होऊन राहिलंय, होऊ द्या."

दोघी खाली बसल्या. मीही बसूनच होते.

घरी येऊन दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी करत होते. महाभारताच्या पर्वांची नावं फळ्यावर लिहायची होती आणि ती क्रमाने लिहिताना मी अडखळले. अठरा दिवसांचं युद्ध संपतं. मग सौप्तिकपर्व, म्हणजे अश्वत्थाम्याने झोपलेल्यांची केलेली कत्तल. त्यानंतर बारावं, सगळ्यांत मोठं शांतिपर्व यायला हवं, पण व्यासांनी मध्ये एक अकरावं पर्व घातलंय. स्त्रीपर्व.

या पर्वात काही घडत नाही, असं म्हटलं तरी चालेल. बायका रणांगणावर येतात आणि रडतात. कुणाचं धड सापडतं, शिर सापडत नाही. गांधारी एकेका प्रेताजवळ जाते आणि कृष्णाला दाखवत राहते, हा बघ, हा बघ. हे असं अध्यायामागून अध्याय चालतं. युद्धाच्या गोष्टीत रस असलेला वाचक इथे पानं उलटतो. मीही विद्यार्थिदशेत उलटलीच होती. शेवटी गांधारी कृष्णाला शाप देते, छत्तिसाव्या वर्षी तुझंही कुळ असंच आपसात लढून मरेल. देवालाच शाप! आणि तिला कुणी अडवत नाही. कृष्ण तिलाही दोन शब्द ऐकवतो, तुझाही यात वाटा आहे म्हणतो, पण तिच्या तोंडावर हात ठेवत नाही, आणि शाप खोटा ठरवत नाही. कुंतीलाही बोलावं लागतं ते याच पर्वाच्या शेवटी. कर्ण तुमचा थोरला भाऊ होता, हे ती आयुष्यभर पोटात ठेवलेलं वाक्य तेव्हा उच्चारते. हे सगळं बोलून झाल्यावरच राजधर्म, आपद्धर्म, मोक्षधर्म, भीष्मांचा अफाट उपदेश.

काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने नवव्या शतकात काश्मिरात बसून सांगितलं की महाभारताचा मुख्य रस शांत आहे. भरताच्या नाट्यशास्त्राने मोजलेले रस आठ, शांत हा पुढे वाढलेला नववा, त्यावर पुष्कळ वाद, आणि अभिनवगुप्ताने त्याची बाजू घेऊन केलेला युक्तिवाद. एम. ए.ला हे सगळं पाठ केलं होतं. पण हा रस निष्पन्न होण्याआधी व्यासांनी वाचकाला स्त्रीपर्वातून चालवत नेलंय, ही साधी गोष्ट मला कोणत्याही नोट्समध्ये मिळाली नव्हती.

याच्याही मागे जायचं तर उद्योगपर्वात. कृष्ण शिष्टाईला निघालाय. युधिष्ठिर पाच गावांवर समाधान मानायला तयार आहे. भीमसुद्धा मवाळ बोलतो, इतका की कृष्णालाच त्याची थट्टा करावी लागते. सगळ्यांना तह हवाय. तेव्हा द्रौपदी आपले केस हातात घेऊन पुढे येते आणि सांगते, तहाची बोलणी करशील तेव्हा हे केस आठव. माझे नवरे लढणार नसतील तर माझा म्हातारा बाप लढेल, माझी मुलं लढतील, अभिमन्यूला पुढे घालून. वर्गात हा प्रसंग आला की एखादी मुलगी विचारतेच, "मॅडम, म्हणजे युद्ध द्रौपदीमुळे झालं?" मी म्हणते, सुईच्या टोकावर राहील एवढीही जमीन देणार नाही, असं कोण म्हणालं ते आधी बघ. भरसभेत झालेल्या गोष्टीचा हिशेब सोडून बाकी सगळ्यावर तडजोड चालली होती, आणि तो सोडून द्यायला जिच्यावर ती गोष्ट गुजरली तिला कुणी विचारलं नव्हतं. द्रौपदीला युद्ध हवं होतं असं मी म्हणत नाही. तिला वगळून केलेला तह तिला नको होता.

व्यासही सगळीकडे इतके उदार नाहीत, हेही सांगायला हवं. शांतिपर्वाच्या सुरुवातीलाच युधिष्ठिर राजधानीत येतो, ब्राह्मण आशीर्वाद देतायत, आणि त्या गर्दीतून चार्वाक नावाचा एक जण उठून म्हणतो, तू आपल्या भाऊबंदांना मारलंस, तुझा धिक्कार असो. तो दुर्योधनाचा मित्र, वेष पालटून आलेला राक्षस, असं कथा सांगते. ब्राह्मण केवळ हुंकाराने त्याला जाळतात आणि समारंभ पुढे सुरू होतो. युधिष्ठिर स्वतः मनात तेच म्हणत होता, हे विशेष.

हा हुंकार आमच्या गावाने ऐकलाय. डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसचं अधिवेशन नागपुरात भरलं. सेलमचे विजयराघवाचार्य अध्यक्ष. शांततामय आणि न्याय्य मार्गांनी स्वराज्य हे काँग्रेसचं ध्येय म्हणून घटनेत लिहिलं गेलं ते इथे. असहकाराचा ठराव पक्का झाला तोही इथेच. त्या मंडपात जिना विरोध करायला उभे राहिले आणि 'मिस्टर गांधी' असं म्हणाले. 'महात्मा म्हणा' असा गलका झाला, त्यांना धड बोलू दिलं नाही. त्यानंतर ते काँग्रेसमध्ये राहिले नाहीत. पुढच्या सगळ्या इतिहासाचं ओझं त्या एका गलक्यावर टाकणं बरोबर नाही, तेवढी मी साधी नाही. पण ज्या सभेने शांततेचा मार्ग ठरावात लिहिला, तिला त्याच सभेतला एक विरोधी आवाज ऐकवेना, याची नोंद आपण अभिमानाच्या आठवणींत करत नाही.

त्यानंतर तीनच वर्षांनी याच महालात मशिदीपुढून वाजतगाजत जावं की नाही यावरून पेटलं, दिंडी सत्याग्रह झाला, आणि १९२७ मध्ये मोठी दंगल. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीही भांडण आवाजावरूनच.

आणि मग गोवारी. यावर लिहायला माझा हात अजूनही जड होतो.

विदर्भ महाराष्ट्रात येण्याआधी झालेल्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन इथे होतं. नागपूरकरांना अधिवेशन म्हणजे मोर्चे. यशवंत स्टेडियमपासून निघतात, ठरलेल्या ठिकाणी अडवले जातात, शिष्टमंडळातली चार-पाच माणसं आत जातात, मंत्री निवेदन घेतात, फोटो निघतो, मोर्चा विसर्जित होतो. बाहेरून बघणाऱ्याला हे नाटक वाटतं. पण लांबच्या खेड्यातून भाकरी बांधून आलेल्या माणसाला एवढंच हवं असतं की कुणीतरी बाहेर येऊन कागद हातात घ्यावा. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाचा मोर्चा आला. गुरं राखणारा समाज. मागणी होती अनुसूचित जमातीच्या सवलतींची. यादीत 'गोंड गोवारी' असं लिहिलेलं होतं, मधे स्वल्पविराम नव्हता, आणि आम्ही गोवारी त्यात येतो की नाही हा प्रश्न होता. हजारो माणसं मॉरिस कॉलेजजवळच्या चौकात दिवसभर बसून राहिली. संध्याकाळ झाली तरी निवेदन घ्यायला कुणी आलं नाही. मग गर्दी हलली, लाठ्या चालल्या, बॅरिकेडमध्ये लोक अडकले, चेंगराचेंगरी झाली. ११४ माणसं मेली. त्यांत बायका आणि मुलंच जास्त होती.

आदिवासी विकास मंत्र्यांनी राजीनामा दिला. सीताबर्डीत स्मारक झालं, उड्डाणपुलाला 'गोवारी शहीद' नाव मिळालं. आता त्या पुलावरून आम्ही रोज गाड्या दामटतो आणि पत्ता सांगताना 'गोवारी पूल उतरला की डावीकडे' म्हणतो. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला, डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. कायदा काय म्हणतो ते त्यातल्या जाणकारांनी बघावं. दर २३ नोव्हेंबरला मात्र लोक अजूनही येतात, स्मारकापाशी बसतात, आणि त्यांच्यातल्या म्हाताऱ्या बायका मोठ्याने रडतात. एकदा तिथून जाताना माझ्यासोबतच्या सहकाऱ्याने म्हटलं, "अजून? तीस वर्षं होऊन राहिली." मला वाटतं, त्या दिवशी जर कुणी पायऱ्या उतरून कागद घेतला असता तर एवढी वर्षं रडावं लागलं नसतं.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत सांगितलं होतं की आता घटनात्मक मार्ग खुले झालेत, तेव्हा सत्याग्रह, असहकार हे मार्गही सोडायला हवेत, ते अराजकाचं व्याकरण आहे. हे वाक्य सत्ताधाऱ्यांना फार आवडतं, मोर्चे अडवताना ते हमखास आठवतं. त्याच भाषणात पुढे ते म्हणाले होते की राजकारणात समता आणि समाजात विषमता असा अंतर्विरोध फार काळ ठेवलात, तर विषमतेने होरपळलेले लोक ही इमारतच उडवून देतील. हे दुसरं वाक्य कुणी मोर्चा अडवताना म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

त्यांचं स्वतःचं उत्तर आमच्या गावात आहे. १९३५ मध्ये येवल्याला त्यांनी जाहीर केलं, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. ते पाळलं १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात, लाखो लोकांसोबत. मध्ये एकवीस वर्षं. अपमानाचा हिशेब मागत, वाद घालत, ग्रंथ लिहीत, आणि शेवटी ते घर सोडून. या सबंध प्रवासात 'झालं गेलं' असं ते एकदाही म्हणाले नाहीत, उलट बावीस प्रतिज्ञांत काय नाकारतो ते एकेक करून, लाखोंच्या तोंडून, मोठ्याने वदवून घेतलं. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी हेही सांगितलं की नागपूर हे संघाचं गाव म्हणून मी निवडलेलं नाही, दुसऱ्याला अपशकुन करत बसायला आपल्याकडे वेळ नाही, बौद्ध धर्म पसरवणाऱ्या नाग लोकांची ही भूमी आहे म्हणून निवडलं.

दसऱ्याला नागपुरात काय होतं हे बाहेरच्यांना सांगितलं तर खरं वाटत नाही. रेशीमबागेत संघाचा विजयादशमी उत्सव आणि काही किलोमीटरवर दीक्षाभूमीला निळा-पांढरा समुद्र. दोघांची मतं एकमेकांना सपशेल नाकारणारी. वाहतूक पोलीस सकाळपासून घामाघूम. आणि संध्याकाळी दोन्हीकडची माणसं आपापल्या घरी जातात. यात कुणी कुणाला पटवलेलं नसतं, मिठ्या मारलेल्या नसतात, एकतेची गाणी नसतात. शांतता समितीच्या भाषणांपेक्षा मला हे जास्त भरवशाचं वाटतं.

साहित्यातही हेच. १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह आला तेव्हा, आणि नंतर दलित कवितेवर एकंदरच, 'आक्रस्ताळी' असा शेरा पुष्कळांनी मारला. कविता कशी संयत हवी, शांत हवी. माझे एक शिक्षकही असं म्हणत. चांगले होते, मला लिहायला त्यांनीच शिकवलं. पण स्त्रीपर्व त्यांनीही पानं उलटूनच वाचलं असावं.

वर्ध्याचं थोडक्यात. त्या जिल्ह्यात सेवाग्रामची बापूकुटी आहे, पवनारला विनोबांचा आश्रम आहे, आणि पुलगावला लष्कराचं प्रचंड दारूगोळा भांडार आहे, जिथे ३१ मे २०१६ ला मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत अधिकारी, जवान, अग्निशमनचे लोक गेले. नागपूरहून मुंबईला जाणारी गाडी आधी सेवाग्रामवरून जाते, मग पुलगाववरून. दोन्हीपैकी कशाचीच कुणाला अडचण होत नाही.

भिवंडीचं उदाहरण मात्र सविस्तर सांगण्यासारखं आहे. १९७० आणि १९८४, दोन मोठ्या दंगली झालेलं गाव. १९८८ च्या सुमारास सुरेश खोपडे हे पोलीस अधिकारी तिथे आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. पुढाऱ्यांना बाजूला ठेवून गल्लीतली साधी माणसं घेतली, दोन्ही धर्मांची, आणि त्या त्या मोहल्ल्याची जबाबदारी एकेका पोलिसावर टाकली. दंगल नसतानाही बैठका सुरू राहिल्या. विषय काय, तर किरकोळ भांडणं, रोजच्या कुरबुरी. मोठे शब्द नाहीत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी पेटली नाही. माझ्या समजुतीप्रमाणे याचं कारण सोपं आहे. तिथे रोजचं रडगाणं ऐकून घ्यायला कुणीतरी बसलेलं होतं. एवढं कंटाळवाणं काम करायला फार कमी अधिकारी तयार होतात आणि त्याची बातमीही होत नाही.

गेल्या वेळच्या शांतता समितीच्या बैठकीत मी पत्रिकेत एक विषय घालायला सांगितला, दंगलीत नुकसान झालेल्यांचं म्हणणं ऐकणं. नवीन आलेल्या अधिकाऱ्यांनी कागद उलटसुलट केला, म्हणाले, "मॅडम, यातून काय निष्पन्न होईल?" मी म्हटलं, "माहीत नाही जी. पण आधी ऐकू." ऑटोवाल्याची आई आली होती. दुसरी आली नव्हती, तिला बोलवायला तिच्या गल्लीतल्या एका बाईला पाठवलं, मग तीही आली. दोघी बोलल्या. पहिलीने दुसरीच्या मुलाचं नाव घेऊन शिव्या दिल्या. दुसरीने तिला, पोलिसांना आणि आम्हा सगळ्यांना दिल्या. एक माजी नगरसेवक दोनदा उठले, अधिकाऱ्यांनी दोन्ही वेळा त्यांना हाताने बसवलं. चहा गार झाला, पसायदान राहून गेलं, आणि कोतवालीच्या बाजूच्या दुकानदारांना काहीतरी बोलायचं होतं म्हणून पुढचा बुधवार ठरला. बैठकीच्या इतिवृत्तात लिहिलंय, 'विषय क्रमांक चारवर सविस्तर चर्चा झाली.'